१९४८ सालचा रुपया विकत घेऊ नका

भारत सरकारचा १९४८ किंवा १९४९ सालचा रुपया कोणी तुमच्यापुढे धरला, तर त्याला चहा पाजा, पण पैसे देऊ नका. ही सालं कोरलेला रुपयाच काय, आपल्या सरकारचा साधा पैसाही बाजारात आला नव्हता. (संस्थानांची गोष्ट वेगळी, निजामाची टाकसाळ तेव्हाही नाणी पाडत होती.) देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, पण नाण्यावरचा राजा, सहावा जॉर्ज, पुढची तीन वर्षं आपल्या खिशात तसाच राहिला. २६ जानेवारी १९५०ला प्रजासत्ताक आलं आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपली पहिली नाणी चलनात आली. पाकिस्तानने मात्र १९४८मध्येच स्वतःची चांदकोरीची नाणी काढली होती. तेव्हा समोरच्या माणसाकडचं नाणं खरोखरच १९४८चं आणि अस्सल असेल, तर ते उलटून बघा. बहुधा चंद्र आणि तारा दिसेल.

हे मुद्दाम आधी सांगितलं. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत नाणी जमवायला लागलेली मंडळी भेटतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘ह्याचे किती येतील?’ तो प्रश्न वर्षभर बाजूला ठेवा. नवीन माणसाने आधी एवढंच बघावं, की ह्या नाण्याच्या आधी तिथे काय होतं आणि ते जाऊन हे का आलं. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाची पहिली नाणी हा ह्या दृष्टीने सगळ्यात चांगला विषय आहे. उपनगरातल्या माणसाला तर फारच सोयीचा, कारण अर्धा माल घरातल्या माळ्यावर असतो, उरलेला शेजाऱ्याच्या.

माझा सल्ला असा, की संपूर्ण संचाच्या मागे लागू नका, जोड्या जमवा. एका देशाचं जुन्या राजवटीतलं शेवटचं नाणं आणि त्याच किमतीचं नव्या देशाचं पहिलं नाणं, दोन्ही शेजारी शेजारी एका पानावर. संच पुरा करायला निघालेला माणूस शेवटच्या एका दुर्मीळ नाण्यापाशी अडतो आणि मग एक तर वैतागतो किंवा फसतो. जोडी दोन नाण्यांत पुरी होते. वन बीएचकेत मावते. आणि दोन नाणी शेजारी ठेवली की डोळा आपोआप तयार होतो.

पहिली जोडी आपल्याच रुपयाची. एका हाताला १९४७चा निकेलचा रुपया घ्या. छाप्यावर मुकुट घातलेला सहावा जॉर्ज, काट्यावर वाघ. दुसऱ्या हाताला १९५०चा. राजाच्या जागी सारनाथचे सिंह आले, वाघाच्या जागी धान्याची कणसं. सिंह तीनच दिसतात, चौथा पाठीमागे. खाली ‘सत्यमेव जयते’ शोधत बसू नका, ते ह्या पहिल्या नाण्यांवर नाहीच. काट्यावर देवनागरीत ‘एक रुपया’ आहे. सिंहांच्या बाजूला इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ इंडिया’.

आता साधा लोहचुंबक आणा, फ्रिजवर लावतात तोसुद्धा चालतो. १९५०चा रुपया, अधेली (अर्धा रुपया) आणि पावली (पाव रुपया) शुद्ध निकेलच्या आहेत, त्या चिकटतील. १९४७चा रुपयाही चिकटेल. चवली (दोन आणे), आणा आणि अर्धा आणा हे तांबं-निकेलच्या मिश्रणाचे, ते चिकटत नाहीत. पैसा ब्राँझचा, तोही चिकटत नाही. म्हणजे तुमच्या डब्यातली १९५०ची चवली जर चुंबकाला उडी मारून चिकटली, तर काहीतरी घोटाळा आहे. उलट रुपया चिकटला म्हणून लगेच अस्सल समजू नका. पोलादही चिकटतं. मग वजन करा. रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि व्यास २८ मिलिमीटर. अधेली त्याच्या निम्मी, ५.८३ ग्रॅम. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा कुठेही मिळतो. नसेल तर ओळखीच्या सोनाराकडे एक फेरी मारा. वर्षानुवर्षं हातोहात फिरलेलं नाणं झिजून थोडं हलकं भरेल, ते चालतं. पण जड भरलं तर संशय घ्या.

मग भिंग. सालाच्या खाली बारीक हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर ते नाणं आपल्या मुंबईचं, फोर्टातल्या टाकसाळीत पाडलेलं. खूण नसेल तर कलकत्त्याचं. १९४०च्या दशकातल्या काही चांदीच्या नाण्यांवर ‘एल’ अक्षर सापडतं, ते लाहोरचं. मुंबईची टाकसाळ १८२०च्या दशकात उभी राहिली आणि आजही रिझर्व्ह बँकेच्या समोर तिथेच आहे. मुलुंडहून सीएसएमटीला रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांनी तिच्या भिंतीला वळसा घातला असेल. मुंबईकराने हिऱ्याची खूण असलेलं नाणं आधी घ्यावं, असा माझा भावनिक पक्षपात आहे. त्याला शास्त्र नाही.

लहान नाण्यांची जोडी रुपयापेक्षा जास्त मजेची, आणि स्वस्तही. सहाव्या जॉर्जच्या काळातला भोकाचा पैसा अनेक घरांत अजून आहे. पूर्वी तो दोऱ्यात ओवून लहान मुलांच्या कमरेलाही बांधत. तो १९४३मध्ये, युद्धाच्या ओढाताणीत, तांबं वाचवण्यासाठी निघाला. त्याच्या जोडीला १९५०चा घोड्याचा पैसा लावा. हा १९५०चा पैसा जाड आणि पातळ अशा दोन तऱ्हांचा मिळतो, तेव्हा घेताना दोन-तीन पैसे एकावर एक ठेवून कडा बघा. पातळ पैसा ‘झिजलेला’ म्हणून कोणी कमी भावात देत असेल तर आनंदाने घ्या. आणा, अर्धा आणा आणि चवलीवर वशिंडाचा बैल आहे. सारनाथच्या त्याच सिंहस्तंभाच्या पट्टीवर घोडा आणि बैल दोघेही कोरलेले आहेत.

आकार मात्र जुनेच ठेवले. आण्याची कड पाकळ्यांची, चवली चौकोनी आणि कोपरे गोल. घरमालक बदलला तरी दाराचं कुलूप तेच ठेवावं, तसा हा प्रकार. अक्षरओळख नसलेली भाजीवाली अंधारातही बोटांनी आणा ओळखायची. तिची पंचाईत सरकारला करायची नव्हती. खरी उलथापालथ १ एप्रिल १९५७ला झाली, जेव्हा १६ आण्यांचा आणि ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. तो संग्रह वेगळा ठेवा, नाहीतर दोन्ही विषयांचा गोंधळ होतो.

एक गोष्ट जोडी लावताना दिसते. राजाच्या जागी आपण माणूस बसवला नाही. १९५०मध्ये नेहरू पंतप्रधान होते, गांधीजींना जाऊन दोनच वर्षं झाली होती, तरी नाण्यावर सिंहच आले. भारतीय नाण्यावर पहिला माणूस आला तो १९६४मध्ये, नेहरू गेल्यावर. हे लक्षात ठेवा, आफ्रिकेची नाणी बघताना उपयोगी पडेल.

आता शेजाऱ्याच्या माळ्यावरचा डबा. घाटकोपर, मुलुंड, विलेपार्ले इथल्या कित्येक कच्छी-गुजराती घरांत आणि अंधेरी-मालाडच्या काही गोवेकर घरांत, बिस्किटाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, न ओळखता येणारी नाणी निघतात. मध्ये भोक, भोवती हस्तिदंत. आजोबा मोम्बासाला दुकानात होते किंवा नैरोबीला सरकारी कारकून होते. कोणी १९७२मध्ये इदी अमीनने ९० दिवसांची मुदत दिल्यावर युगांडातून निघालेले. शेजारी मराठी घर असेल तर दिवाळीच्या साफसफाईत हा डबा ‘तुमचा मुलगा नाणी जमवतो ना’ म्हणून तुमच्याकडे येतो. तो भंगारात जाऊ देऊ नका. बँक ही नाणी बदलून देत नाही, परकीय चलनवाले फक्त नोटा घेतात, त्यामुळे घरच्यांना तो कचराच वाटतो. ती ठेवण्यात कायद्याची अडचण काही नाही. परदेशी नाणी आपल्याकडे कितीही ठेवायला परकीय चलनाच्या नियमांत मुभा आहे.

डब्यातला माल असा वेगळा करा. ‘ईस्ट आफ्रिका’ लिहिलेलं सगळं एका बाजूला. कीनिया, युगांडा, टांगानिका आणि झांझिबार ह्यांचं चलन एकच मंडळ बघत असे. १९२०पर्यंत त्या भागात आपलाच रुपया चालायचा. १८८८मध्ये तिथल्या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या पैशावर तर तराजू आणि ‘मोम्बासा’ हे नाव आहे. डब्यात तो निघाला तर पान वेगळं करा, तो आपल्या पैशाचा चुलतभाऊ. नंतर शिलिंग आणि सेंट आले. सहाव्या जॉर्जच्या नावाच्या शिलिंगवर डोंगरांपुढे उभा सिंह आहे, पाच आणि दहा सेंटांना मध्ये भोक.

ह्या भोकाच्या नाण्यांत १९६४ साल शोधा. माझ्या मते अख्ख्या डब्यातलं सगळ्यात बोलकं नाणं हेच. टांगानिका १९६१मध्ये, युगांडा १९६२मध्ये आणि कीनिया १९६३मध्ये स्वतंत्र झाला, पण नव्या मध्यवर्ती बँका आणि नवी नाणी यायला १९६६ उजाडलं. मधल्या काळात बाजाराला सुटे पैसे लागतच होते. म्हणून १९६४मध्ये पाच आणि दहा सेंट निघाले ते राणी एलिझाबेथचं नाव आणि मुकुट काढून. ना जुन्या राजवटीचं, ना नव्या देशाचं. राणीच्या नावाचं दहा सेंट आणि १९६४चं शेजारी ठेवून भिंगातून बघा. हस्तिदंत तेच, भोक तेच, फक्त वरचा मुकुट आणि नाव नाही. दुकानदार दोन्हींना एकच भाव सांगतात, कारण बहुतेकांनी साल वाचलेलंच नसतं.

मग १९६६. तीन देशांनी तीन वेगळे रस्ते धरले. कीनियाने राजाच्या जागी जोमो केन्याटांचा चेहरा घातला, दुसऱ्या बाजूला देशाचं चिन्ह, आणि भोकं बुजवून टाकली. पाच आणि दहा सेंट निकेल-पितळेचे, पिवळे. शिलिंग तांबं-निकेलचा, पांढरा, चुंबकाला न चिकटणारा. इथे एक खूण पक्की लक्षात ठेवा. १९६६ ते १९६८च्या नाण्यांवर केन्याटांच्या चेहऱ्याभोवती काहीच लिहिलेलं नाही. १९६९पासून भोवती इंग्रजीत ‘पहिले राष्ट्राध्यक्ष मझी जोमो केन्याटा’ अशी ओळ आली. म्हणजे साल झिजून गेलं असलं तरी चेहऱ्याभोवतीची मोकळी जागा बघून ‘पहिल्या खेपेचं’ नाणं ओळखता येतं. विक्रेत्याशी वाद घालायला ही एक गोष्ट पुरते.

टांगानिका आणि झांझिबार मिळून झालेल्या टांझानियाने ज्युलियस न्येरेरेंचा चेहरा घेतला, पण अक्षरं स्वाहिलीत. ‘राइस वा क्वांझा’, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष. मागच्या बाजूला पाच सेंटीवर मासा, वीस सेंटीवर शहामृग, पन्नास सेंटीवर ससा, आणि शिलिंगवर हातात धरलेली स्वातंत्र्याची मशाल. लहान मुलाला नाण्यांची गोडी लावायची असेल तर हा संच द्या. संचाच्या मागे लागू नका म्हटलं खरं, पण इथे नाणी चारच आहेत आणि सगळी सहज मिळतात. युगांडाने कोणाचाच चेहरा घातला नाही. लहान नाण्यांवर हस्तिदंतांची जोडी राहिली, मोठ्यांवर तुरेवाला करकोचा आला. अमीनच्या आधीची ही नाणी, त्यामुळे १९७२मध्ये निघालेल्या घरांच्या डब्यात ती हमखास असतात.

पूर्व आफ्रिकेच्या बाहेर जायचं तर सुरुवात घानापासून करा. ६ मार्च १९५७ला तो देश स्वतंत्र झाला आणि १९५८ची त्याची नाणी आली ती थेट क्वामे एन्क्रुमांच्या चेहऱ्याची, भोवती लॅटिनमध्ये ‘घाना राष्ट्राचा संस्थापक’ अशा अर्थाची ओळ, दुसऱ्या बाजूला तारा. राजाच्या जागी लगेच माणूस. १९६६मध्ये सैन्याने सत्ता उलथली आणि १९६७च्या नव्या नाण्यांवरून तो चेहरा गेला. म्हणून घानाची जोडी न करता तिघांचा मेळ करा: आधीचं ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेचं नाणं, १९५८चं आणि १९६७चं. झांबियाचं उलट. ऑक्टोबर १९६४च्या स्वातंत्र्यानंतर निघालेल्या त्यांच्या सहा पेन्स, शिलिंग आणि दोन शिलिंगवर कोणाचाच चेहरा नव्हता; राष्ट्राध्यक्ष केनेथ कौंडा नाण्यावर आले ते नंतर. कीनियाने तर २०१०च्या नव्या राज्यघटनेत लिहूनच टाकलं, की नोटेवर-नाण्यावर कोणाही व्यक्तीचा चेहरा नको, आणि २०१८मध्ये प्राण्यांची नाणी काढली. १९६६, १९६९ आणि २०१८चे शिलिंग एका ओळीत लावले की त्या देशाचा अर्धा राजकीय इतिहास पानावर येतो.

मराठी माणसाने एक जोडी चुकवू नये, ती मॉरिशसची. रत्नागिरीकडून गिरमिटावर गेलेल्या माणसांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. त्यांच्या चलनाचं नावही रुपयाच. १८७६मध्ये तिथे आपला भारतीय रुपया कायदेशीर झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे सेंट निघाले. देश १२ मार्च १९६८ला स्वतंत्र झाला, पण राणी एलिझाबेथचा चेहरा नाण्यांवर राहिला तो १९८७पर्यंत. त्या वर्षी पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम ह्यांच्या चेहऱ्याची नाणी आली, आणि ती आजही चालतात. आपल्याला तीन वर्षं लागली, त्यांना एकोणीस. राणीचा रुपया आणि १९८७चा रुपया, दोन्ही मिळवायला फारसे कष्ट नाहीत. मॉरिशसला फिरायला जाणारा एखादा ओळखीचा गाठा आणि सुटे पैसे परत आणायला सांगा. निदान नवं तरी मिळेल.

आणि अगदी ताजं उदाहरण हवं असेल तर दक्षिण सुदान. स्वातंत्र्य जुलै २०११, त्याच महिन्यात नोटा, पण नाणी आली २०१५मध्ये. नंतर महागाई इतकी भडकली, की सुट्या नाण्यांना बाजारात काही अर्थच उरला नाही. त्यामुळे ही नाणी न वापरलेल्या स्थितीत सहज मिळतात. ती ‘दुर्मीळ’ म्हणून कोणी विकत असेल तर पुढे चला.

खरेदी कुठे करायची? उपनगरात नाण्यांची दुकानं कमी, ओळखी जास्त. भंगारवाला, जुनी भांडी घेणारा आणि सोनार ह्या तिघांना सांगून ठेवा, की वितळवण्याआधी दाखव. (चलनातली नाणी वितळवणं तर २०११च्या नाणे कायद्याने गुन्हाच आहे.) फोर्टातल्या फुटपाथवर आणि चोरबाजारात माल भरपूर असतो, पण चुंबक, काटा आणि भिंग खिशात ठेवूनच जा. अधूनमधून भरणारी नाण्यांची प्रदर्शनं नवख्या माणसाला सगळ्यात बरी, कारण एकाच नाण्याचे पाच भाव एका तासात ऐकायला मिळतात. ‘किलोवर’ मिळणारा परदेशी लॉट एकदा तरी घ्या. त्यात दहातली आठ नाणी निरुपयोगी असली तरी हात बसतो. घेताना ‘धुतलेलं’ नाणं ओळखायला शिका. तिरपा उजेड पाडला की घासलेल्या नाण्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात, आणि अक्षरांच्या खाचांत काळपट आणि वर मात्र चकचकीत असा दुरंगी प्रकार असतो. अशा नाण्याची किंमत जाणकार लगेच खाली आणतो.

म्हणूनच घरी आणल्यावर हात आवरा. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. नाणं कडेने धरा. ब्राँझवर उठलेला अंगठ्याचा ठसा काही महिन्यांनी काळा होऊन कायमचा बसतो. फारच माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा आणि मऊ सुती कापडावर टिपून घ्या, घासू नका.

आपला खरा शत्रू पावसाळा. जून ते सप्टेंबरच्या हवेत तांब्या-ब्राँझवर हिरवे ठिपके धरतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसात आतून ओलसर असतं, तिथे अल्बम ठेवू नका. प्लायवुडच्या नव्या कपाटातूनही नाणी काळवंडवणारी वाफ सुटते; लोखंडी कपाट बरं. स्वस्तातले मऊ, वास येणारे प्लास्टिकचे खिसे पीव्हीसीचे असतात. दोन-तीन पावसाळ्यांत ते नाण्यावर चिकट हिरवा थर सोडतात, आणि उपनगरातल्या संग्रहांची सगळ्यात जास्त नासाडी मी ह्याच खिशांमुळे झालेली बघितली आहे. तो थर कोवळा असेल तर शुद्ध ॲसिटोनने निघतो, पण खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही, त्यात तेल-रंग असतो. पारदर्शक खिडकीची पुठ्ठ्याची चौकोनी पाकिटं वापरा, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर पावसाळ्यात बदला. डांबरगोळ्या, रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्यांपासून दूर. रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

आता फसवणुकीचं. व्हॉट्सॲपवर फिरतं ते ‘वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखाला’ प्रकरण तुम्ही ऐकलंच असेल. ते २०१२चं नाणं खरं आहे, सरकारनेच काढलेलं. लाखांची गोष्ट खोटी. १८१८ सालचा, एका बाजूला रामदरबार आणि दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेला ‘आणा’ कंपनीने कधीच काढला नाही. हे नाणं तांदूळ ओढून घेतं, असं दाखवून लोकांना लुबाडणाऱ्या टोळ्यांवर पोलिसांनी गुन्हे नोंदवले आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये स्पष्ट सांगितलं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी तिचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. तेव्हा ‘तुमचं नाणं निवडलं गेलं, आधी जीएसटी भरा’ असा फोन आला की फोन ठेवा. पैसे गेलेच असतील तर तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाइनवर कळवा.

कायद्याच्या आणखी दोन गोष्टी. १०० वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेहून आलेल्या भाचीला १९५०चा रुपया खुशाल द्या, व्हिक्टोरियाचा देऊ नका. आणि सध्या जागोजाग पुनर्विकास चालू आहे. पाया खणताना मडक्यात नाणी निघाली तर ती आपोआप सोसायटीची होत नाहीत, बिल्डरची होत नाहीत आणि ज्याच्या फावड्याला लागली त्याचीही होत नाहीत. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात.

शिकायचं असेल तर फार लांब जायला नको. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात दिनेश मोदी नाणेशास्त्र संग्रहालय आहे, सांताक्रूझ स्टेशनवरून रिक्षाने गाठता येतं. जाण्याआधी वेळ फोनवर विचारून घ्या. फोर्टात सर फिरोजशाह मेहता रस्त्यावरच्या अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय २००४पासून आहे, आणि तिथे भारतीय नाण्यांचा क्रम नीट लावलेला दिसतो. विषयात खरंच गोडी लागली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे एक दिवस द्या.

जोडी लावून झाली की पाकिटावर देश, साल, धातू, वजन आणि टाकसाळीची खूण लिहा, आणि नाणं कोणाच्या घरातून आलं तेही. मोम्बासाचं दुकान कुठल्या रस्त्यावर होतं, तिथे काय विकत, कुठल्या बोटीने परत आले, हे सांगणारी माणसं घाटकोपरच्या त्या घरांत अजून आहेत. डबा घ्यायला जाल तेव्हा विचारून घ्या आणि वहीत तारीख घालून उतरवा. पाकिटावर लिहायचं ते नाणं आत घालण्याआधी आणि स्टेपल मारण्याआधी. नंतर लिहिलं की पेनाचा दाब थेट खाली उतरतो आणि मऊ ब्राँझवर ओरखडा राहतो.